न वाजलेली बाराची घंटा

घंटा वाजलीच नाय आनि शिट्टी वाजली. मी दारात बसून सुमीला पेज भरवत होते, रस्त्याकडं माझी पाठ होती, आनि शिट्टी ऐकून मला आधी रागच आला, की आज मेल एवढी लवकर कशी आली, अजून बारा तरी कुठं वाजलेत. मग वळून बघितलं तर फाटक उघडं. दोन्ही बाजूंनी सताड उघडं आनि रुळावर मानसं. चालनारी नाय, गुडघे टेकून बसलेली. डोकी खाली घातलेली, पायात कुनाच्या काही नाय, बायका पुढं, बाप्ये मागं आनि मधे सहा जनांच्या खांद्यावर लाकडाचा ह्यो एवढा क्रूस. दीडेकशे तरी असतील. थोडी रुळाच्या अलीकडं, थोडी पलीकडं आनि बाकीची बरोब्बर रुळात. एवढी मानसं माझ्या पाठीमागनं आली आनि मला पावलाचा आवाज आला नाय.

माझ्या हातातली वाटी कुठं पडली ते मला आजपन सांगता यायचं नाय.

पुढचं सांगायच्या आधी फाटकाचं सांगते, नायतर तुमाला कळनार नाय. आमच्या गावच्या मास्तरीनबाईंनी मला लिहायला बसवलंय. मी तिसरी शिकलेली. त्या म्हनाल्या, बोलतेस तसं लिही आनि स्टेशनाचं नाव घालू नको. म्हनून नाव घालत नाय. विरार लायनीवरचं छोटं स्टेशन आहे एवढं समजा.

माझे सासरे सांगायचे, पहिलं तर इथं स्टेशनच नव्हतं. मिठागराचं मीठ भरायला मालगाडीच्या वाघिनी उभ्या राहायच्या, तेवढंच. मग बागाईतवाले रोज पानाच्या करंड्या आनि केळी घेऊन लायनीच्या कडेला बसायला लागले, गाडीला हात करायला लागले. एकदा एक म्हातारी केळ्यांचा घड घेऊन रुळातच उभी राहिली म्हनतात. तेव्हा साहेबानं चाकं काढलेला एक जुना डबा आनून ठेवला, त्यात मास्तर बसवला आनि पाटी लावली. कौलारू खोली पुढं झाली. घंटा म्हनून रुळाचा तुकडा चिंचेला टांगला, तो अजून तिथंच आहे. मागच्या स्टेशनातनं गाडी सुटली की पोर्टर त्यावर हातोडी मारतो. सासरे लढाईच्या टायमाला त्याच चिंचेखाली कंदिलाला काळं फडकं बांधून बसायचे, वरून विमानाला दिसू नये म्हनून. विमान कधी आलं नाय. पन त्या फडक्याचा त्यांना मरेपर्यंत अभिमान होता.

आमचं फाटक स्टेशनापासनं लांब, वळनाच्या अलीकडं. मधे ताडाची आनि आंब्याची झाडं, त्यामुळं सिग्नलचा हात इथनं दिसत नाय. चिंचेवरचा तुकडा सकाळी ऐकू येतो, पन दुपारी खाडीवरनं वारा सुटला की येत नाय. फाटकावर घड्याळ नाय, ते स्टेशनात. मग काम चालायचं कसं तर असं. सकाळच्या पॅसेंजरला चिंचेचा टोला. संध्याकाळच्याला पन वारा पडलेला असतो. आनि दुपारच्या मेलला किरिस्तांवांच्या देवळाची घंटा. बाराची घंटा झाली की ते लोक असतील तिथं उभे राहून प्रार्थना म्हनतात, आनि आमी फाटक लावतो. साखळी घालायची, कडी अडकवायची, हिरवं निशान घेऊन उभं राहायचं. सुमीला कडेवर घेतलं तरी तिची मान धरायला वेळ मिळतो एवढ्या वेळानं मेल येते. आमच्या स्टेशनात ती थांबत नाय, धडाधडा निघून जाते. सासऱ्यांनी असंच केलं, त्यांच्यामागं आमच्या ह्यांनी असंच केलं, आनि घंटा एक दिवस चुकली नाय असंच मी धरून चालले होते.

मी ह्या घरात येऊन दोन वर्सं झाली. माझं माहेर खाडीपलीकडं, मिठागरावरचं. तिथं देऊळ नाय आनि किरिस्तांव पन नाय. इथं आल्यावर मला त्या घंटेचं लय कौतुक वाटायचं.

फाटकावर उभं राहनं म्हंजे नुसती साखळी ओढनं नाय. मानसं सांभाळायची. पानाच्या बागेतले एक आजोबा आहेत, फाटक लागलेलं दिसलं की लांबनंच ओरडत येतात, अगो खोल, पानं सुकली माझी, तुज्या नवऱ्याला सांगतो. मी म्हनते आजोबा, नवऱ्याला सांगा, गाडीला पन सांगा. मग ते करंडी उतरवतात आनि मलाच चार पानं देतात. एकदा लग्नाची वरात अडकली. मालगाडी लांबलचक होती, संपता संपेना, तर ब्यांडवाल्यांनी फाटकाशीच अख्खं गानं वाजवलं आनि नवरी हसायला लागली. नवऱ्या मुलाच्या आईला ते आवडलं नाय. अशी मजा असते. कोन म्हनतं गेटमनची बायको, कोन म्हनतं फाटकवाली, आनि मला खरं सांगायचं तर फाटकवाली म्हटलेलं आवडायचं. नोकरी ह्यांची, पन उभी मी राहायचे तेव्हा मोटारवाला शेट सुद्धा थांबायचा.

मी उभी राहायला नको होते, ते पन सांगून टाकते. आमचे हे तापानं पडले होते. अकरा दिवस. अंग भट्टीसारखं, मधेच बडबडायचे, मधेच मला ओळखायचे नाय. आजारी आहे असं वर कळवलं तर बदलीचा मानूस येतो, आनि त्याला राहायला ही खोली द्यावी लागते. मग आमी तापाचा मानूस आनि आठ म्हयन्यांची पोर घेऊन जानार कुठं. म्हनून कळवलं नाय. मास्तरांना ठाऊक होतं. ते सकाळी येऊन जायचे, बाहेरनंच विचारायचे, आज कसं आहे गणपतला, आनि फाटक नीट लागलेलं बघून परत जायचे.

तर तो त्यांचा मोठा शुक्रवार होता, येशूच्या मरनाचा. मला एवढं ठाऊक होतं की आज त्यांचा दुखवटा आहे. पन त्या दिवसात देवळाची घंटा वाजवत नायत हे मला ठाऊक नव्हतं. गुरवारी बंद होते ती शनवारीच वाजते, तोवर लाकडाची फळी वाजवतात, ती देवळाच्या आवाराबाहेर ऐकू येत नाय. हे इथल्या लहान पोरांना पन ठाऊक असतं, म्हनून मला कोनी सांगितलं नाय. आमच्या ह्यांना ठाऊक होतं. ते दर वर्सी त्या दिवशी सकाळीच स्टेशनात जाऊन घड्याळ बघून यायचे आनि बाराला उन्हाची सावली कुठं येईल तिथं दगड ठेवायचे. गेल्या वर्सी त्या दिवसांत मी पोटुशी, माहेरी होते, आनि ह्या वर्सी ते तापात होते.

मी बसले घंटेची वाट बघत. सुमीला दोन घास जास्त भरवून झाले, तरी घंटा नाय. मी म्हटलं आज दिवस लांब आहे.

पलीकडच्या पाड्यावरचे किरिस्तांव त्या दिवशी क्रूस घेऊन देवळात जातात. वाटेत चौदा ठिकानी थांबून गुडघे टेकतात आनि मनात प्रार्थना करतात. बोलायचं नाय, मागं बघायचं नाय, कोनी काही म्हटलं तरी उत्तर द्यायचं नाय. फाटक उघडं होतं म्हंजे गाडी नाय असंच ते समजनार. त्यांचं थांबायचं ठिकान नेमकं तिथं आलं.

तर मी धावले. सुमी कडेवर. निशानं दारामागच्या खुंटीला होती, लाल घेतलं. मी ओरडले, उठा, मेल आली, उठा. एकानं पन डोकं वर केलं नाय. मला वाटतं त्यांना वाटलं असेल कोनी तरी मुद्दाम ओरडतंय. दर वर्सी दारू पिऊन ओरडनारा एक असतोच म्हनतात. मी एकीचा खांदा हलवला तर ती आनखीनच वाकली. शिट्टी दुसऱ्यांदा झाली आनि आंब्याच्या वर धूर दिसला. आता लाल निशान घेऊन वळनाकडं धावायचं, नायतर ड्रायवरला दिसनारच नाय. आनि कडेवर पोर घेऊन मला धावता येईना.

मग मी काय केलं ते सांगते. मी सुमीला त्या वाकलेल्या बाईच्या मांडीवर टाकलं. ती बाई रुळातच बसली होती. मी माझं लेकरू रुळात टाकलं आनि गाडीकडं पळाले.

लोक म्हनतात तू हुशार, पोर रडल्यावर सगळी उठली. मला त्यातलं काही सुचलं नव्हतं. मला एवढंच सुचलं होतं की हात मोकळा पायजे. बाजूला गवत होतं. पलीकडं आमचं दार होतं. पन मी तिला गवतात ठेवलं नाय.

मी आंब्यापर्यंत पोचले तेव्हा इंजिन समोर होतं. मी निशान हलवत होते का नुसतीच हात वर करून उभी होते ते मला आठवत नाय. ब्रेकचा असा आवाज आला की दात शिवशिवले. मी बाजूला पडले. इंजिन माझ्या अंगावरनं गेल्यासारखं गेलं, गरम वाफ तोंडावर आली, मग एक डबा, दुसरा डबा, तिसरा, चाकातनं ठिनग्या, आनि गाडी थांबतच नाय. ती तशीच फाटकाकडं घसरत गेली. आनि मग थांबली. आनि मधे सगळे डबे. पलीकडचं मला काही दिसेना.

मी डब्यांच्या कडेनं पळत सुटले. खिडक्यांतनं लोक विचारत होते, अगं बाई, काय झालं, कोन मेलं. एक जन हसत म्हनाला म्हैस असेल. मी पळत होते आनि मोजत होते डबे, का मोजत होते देव जाने, आनि कान देऊन ऐकत होते सुमी रडते का. इंजिनाचाच सूसू आवाज. रडनं नाय. कुनाचंच रडनं नाय.

इंजिनाच्या तोंडासमोर क्रूस आडवा पडला होता. मधे एक हात जागा. आनि क्रूसाचं एक टोक धरून कैतानबाबा उभे होते, पाड्यावरचे सगळ्यात म्हातारे, सत्तरीचे. बाकी सगळी दोन्हीकडच्या चरात उतरली होती. ते एकटेच क्रूस ओढत राहिले होते, त्यांना तो हललाच नव्हता. त्यांच्या तोंडावर इंजिनाची वाफ येत होती.

चरात ती बाई बसली होती. मारीबाय तिचं नाव, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तिच्या मांडीवर सुमी तिच्या गळ्यातली माळ तोंडात घालून चोखत होती. पेज अजून हनुवटीला लागलेली. मारीबायनं मला पोर दिली. ओठ हलले तिचे, पन बोलली नाय, त्यांचं बोलायचं नव्हतं ना. मी खालीच बसले आनि पदरानं तिच्या हनुवटीची पेज पुसली.

ड्रायवर उतरला आनि त्यानं मला नाय नाय ते म्हटलं. त्याला पन विडी पेटवता येत नव्हती. मास्तर स्टेशनातनं टोपी नसताना धावत आले. आमचे हे दाराच्या उंबऱ्यापर्यंत सरपटत आले होते, तिथंच भिंतीला धरून म्हनाले, आज शुक्रवार ना गो, आज त्यांची घंटा नसते. तेव्हा मला कळलं. त्या आधी मला वाटत होतं गाडीच लवकर आली.

त्या मानसांनी क्रूस परत खांद्यावर घेतला आनि गेली. एकानं पन मला शिवी दिली नाय. एकानं जरी दिली असती.

आठ दिवसांनी मुंबैहून साहेब आला चौकशीला. स्टेशनाच्या खोलीत टेबल मांडलं, मास्तर उभे, मी उभी, आमचे हे ताप उतरलेले पन भिंतीला टेकून बसलेले. पाड्यावरनं कैतानबाबा आनि मारीबाय साक्षीला आले होते. मी रात्रभर ठरवलं होतं काय म्हनायचं ते आनि काहीच ठरलं नव्हतं. फाटकावर मी होते म्हटलं तर ह्यांनी नोकरी बायकोवर सोडली म्हनून नोकरी जानार. हे होते म्हटलं तरी फाटक उघडं ठेवलं म्हनून जानार. दोन्हीकडनं खोली जानार. आनि मास्तरांनी बघून न बघितल्यासारखं केलं, तर त्यांच्या पन नोकरीवर येनार.

साहेब हळू बोलायचा, त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्यानं मला विचारलं, निशान घेऊन तू धावलीस, मग फाटकावर डबीत तीन फटाके दिलेले असतात, ते रुळाला का बांधले नाहीत. ते फटाके म्हंजे पत्र्याच्या चकत्या असतात, वरनं चाक गेलं की बार होतो आनि ड्रायवर समजतो पुढं धोका आहे. मी म्हटलं आठवलेच नायत. ते खरं होतं. निशान घेतलं तेव्हा ती डबी माझ्या डोक्यावरच्या फळीवरच होती.

मग त्यानं कैतानबाबांना विचारलं की तुम्ही आलात तेव्हा फाटक उघडं होतं का बंद.

कैतानबाबा म्हनाले, "बंद व्हतं, सायेब. आमीच उघडलं."

मास्तर खाली बघायला लागले. साहेबानं विचारलं गेटमन कुठं होता. कैतानबाबा म्हनाले, तो नको नको म्हनत व्हता, आमी ऐकलं नाय. आमचा दिवस, आमचा क्रूस, आमी साखळी काढली. साहेब म्हनाला, हा गुन्हा आहे, कळतं का. ते म्हनाले, कळतं.

साहेब माझ्याकडं वळला. "काय बाई, हे खरं आहे?"

मी कैतानबाबांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. मी आमच्या ह्यांच्याकडं बघितलं. सुमी माझ्या पदराला ओढत होती. आनि मी हो म्हटलं.

बाहेर आल्यावर चिंचेखाली मी त्यांचे पाय धरायला गेले. त्यांनी धरू दिले नाय. मी विचारलं बाबा असं का केलंत. ते म्हनाले, "घंटा आमची व्हती, बाय. तू तिच्यावर भरोसा ठेवलास, आनि आमी तुला सांगितलं नाय." आनि मारीबाय म्हनाली, "पोर माज्या मांडीवर टाकलीस. आता मी तुज्याविरुद्ध बोलू?" आनि दोघं पाड्याकडं चालायला लागली. मला वाटलं संपलं.

संपलं नाय. पावसाळ्यात वरनं कागद आला. पाड्यावरच्या लोकांनी फाटक जबरदस्तीनं उघडलं, तर यापुढं त्यांच्या त्या दिवसांत फाटकाला कुलूप लागेल, किल्ली मास्तरांकडं, आनि लोकांनी खालच्या फाटकावरनं जावं. खालचं फाटक दीड मैलावर. दीड मैल खाली आनि दीड मैल परत वर, अनवानी, उन्हाचं, तो क्रूस घेऊन. मास्तरांनी कागद वाचून दाखवला आनि घडी घालून खिशात ठेवला. कुलूप आमच्या खोलीत येऊन पडलंय, अजून तेल पन पुसलेलं नाय त्याचं.

कैतानबाबा रैवारी देवळात जाताना फाटकावरनं जातात. थांबतात, सुमीला हात लावतात, कशी आहे गो ही म्हनतात. कुलपाचं एक अक्षर काढत नायत. मी पन काढत नाय. गेल्या रैवारी त्यांना फाटकापाशी दम लागला आनि ते साखळीला धरून उभे राहिले. मी पानी दिलं. ते प्याले आनि गेले.

मी परत फाटकावर उभी राहत नाय. आमचे हे बरे झाले, तेच असतात. पन शिट्टी झाली की माझे हात आपोआप सुमीला धरतात, ती झोपलेली असली तरी, आनि ती दचकून उठते.

पुढचा मोठा शुक्रवार यायला अजून पाच म्हयने आहेत. मी रोज म्हनते, उद्या मास्तरांकडं जाते आनि सांगते, फाटक उघडं होतं, मी उघडं ठेवलं, हे कुलूप काढा. ह्यांना सांगितलं तर ते म्हनाले, मग आपन राहायचं कुठं. ते रागानं नाय म्हनाले, खरंच विचारलं. मास्तर पन जातील, त्यांना पोरं आहेत. आनि कैतानबाबा साहेबाशी खोटं बोलले हे पन उघडं पडेल, ते माझ्यासाठी बोलले. गप्प राहिले तर तो म्हातारा माझ्या खोट्यापायी तीन मैल क्रूस वाहील, आनि मी दारात बसून बघेन.

तुमी शिकलेली मानसं आहात. तुमच्या मांडीवर पोर असती आनि साहेबानं विचारलं असतं, तर तुमी काय म्हटलं असतं? आनि आता, कुलूप घरात पडलेलं असताना, तुमी काय केलं असतं?